वहीतली हाव

सोम. ८ सप्टें.

बाबांच्या कपाटात कोऱ्या टाचणवह्या सापडल्या, तीन. मास्तरकी सुटून नऊ वर्षं झाली तरी जपून ठेवल्यात. एक उचलली. छापील रकाने आहेत: दिनांक, वर्ग, घटक, शेरा. खाली मुख्याध्यापकाच्या सहीची जागा. ती आपली तशीच राहू दे.

लॅपटॉपवर हे लिहिता येत नाही. दोन्ही लॅपटॉप कंपन्यांचे. कोण कुठून काय पाहतं, काय सांगावं.

तर वर्ग दोन, म्हणजे नोकऱ्या दोन. थोरली अन् धाकटी. नावं बायकोनं, स्मितानं ठेवली. थोरली बंगलोरची, पाच वर्षं झाली, बाबा अख्ख्या आर्वीत सांगत फिरतात ती. धाकटी नागपूरची, फेब्रुवारीपासून, ती घरात फक्त तिलाच माहीत. दोन्ही या समोरच्या खोलीतूनच. 'आज कोणाकडे मुक्काम आहे हो?' असं स्मिता सैपाकघरातून ओरडते. बाबा अंगणात होते. म्हटलं, हळू बोल. तर म्हणे, 'दोन-दोन कराले लाज नाई, ऐकाले वाटते काय?' हसत म्हणाली. मीपण हसलो.

मंगळ. ९ सप्टें.

थो.ची मीटिंग साडेदहाला, धा.ची अकराला. नागपूरच्या वानखेडे साहेबांची पूजा आटोपल्याशिवाय धा.चा दिवस सुरू होत नाही, म्हणून आजवर निभलं. आता थो.चं नवं सॉफ्टवेअर याच आठवड्यात चालू व्हायचं आहे, तिची मीटिंग अकराच्या पुढं लांबते. आज वीस मिनिटं दोन्ही एकदम. काळा हेडफोन थो.चा, डाव्या कानावर. पांढरा धा.चा, उजव्या.

बाबा चहा घेऊन आले. पाहत राहिले.

'दोन-दोन काऊन लावले रे?'

'एकातून आवाज कमी येते बाबा.'

किती पटकन आलं तोंडात. त्यांनी कप ठेवला, दार लोटून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून कडी हातात धरून.

बाबांनी बावीस वर्षं जोडवर्ग घेतला. तिसरी अन् चौथी एकाच खोलीत. तिसरीला शुद्धलेखन द्यायचं, तोवर चौथीचं गणित, मग उलटं. मी तेच तर करतो. असं स्वतःला सांगतो, दिवसातून एकदा तरी.

धा. कशी आली तेही लिहून ठेवतो. भीतीनं आली. फेब्रु.त थो.नं आमच्या टीमचे चार जण एका कॉलवर काढले. पंधरा मिनिटांत आटोपलं. मी राहिलो, पण रात्रंदिवस तेच डोक्यात, अन् मग नागपूरची ही धरली. भीती एप्रिलपर्यंत गेली. धा. काही मी सोडली नाही.

बुध. १० सप्टें.

थो.त पल्लवी माझ्या हाताखाली आहे. कारंजा घाडग्याची. अख्ख्या टीममध्ये वर्धा जिल्ह्याचे आम्ही दोघंच, म्हणून मला 'दादा' म्हणते. सहा महिन्यांची कच्ची नोकरी, ती ३० तारखेला पक्की व्हायची आहे. वडिलांचा हायवेवर ढाबा. वरच्या खोलीत बसून काम करते. तोंड उघडलं की मागून ट्रक. मीटिंगमध्ये सगळे हसतात.

पहिल्या आठवड्यात फार घाबरायची. माझं इंग्रजी ऐकून आणखीच. तेव्हा तिला सांगितलं होतं, 'माझ्या यसवर नको जाऊ. इंग्रजीत मी सगळ्याइले यसच म्हणतो. मी हाव म्हटलं की पक्कं समजजो.' तेव्हापासून आम्हा दोघांच्या फोनवर तसंच चालतं. काहीही पुसायचं, बदलायचं असलं की विचारते, थांबते. मी हाव म्हणतो, मग बटण दाबते.

उद्या नवं सॉफ्टवेअर चालू. दवाखान्याच्या पेशंटची जुनी यादी नव्यात पूर्ण उतरली की नाही हे सकाळी तपासायचं. ते माझं काम.

गुरु. ११ सप्टें.



सकाळी तपासलं नाही. धा.चा रिपोर्ट करत बसलो. वाटलं, थो.ची मीटिंग चालू असताना पाहून घेऊ.

सव्वाअकरा. थो.च्या मीटिंगमध्ये नऊ जण. धा.चीही चालू. माझं सगळं लक्ष उजव्या कानात, कारण वानखेडे साहेब मलाच विचारत होते. 'नितीन, थे रिपोर्टचं आज होऊन जाईन ना?'

'हाव.'

एवढंच म्हटलं. साहेब पुन्हा म्हणाले, 'नितीन, आवाज नाई येऊन राह्यला तुझा.' तेव्हा पाहिलं. पांढऱ्याचा माइक बंद. काळ्याचा चालू. हाव थो.त गेलं होतं.

माइक अदलाबदल केले, साहेबांना पुन्हा हाव म्हटलं. काही वाटलंच नाही. चार मिनिटं काहीच वाटलं नाही. मग डाव्या कानात एकदम गलका.

झालं असं. त्याच क्षणाला पल्लवीनं थो.त विचारलं होतं, जुनी यादी आता काढून टाकू का. तिला माझा आवाज आला. हाव. तिनं काढली.

नवी यादी अर्धीच उतरली होती. दवाखान्यांच्या एका साखळीच्या पेशंटच्या तारखा होत्या त्यात. संध्याकाळपर्यंत मंगळवारची प्रत काढून पुन्हा बसवली. पण मंगळवारनंतर ज्यांनी ज्यांनी नंबर लावला, त्यांची नावं गेली.

शुक्र. १२ सप्टें.

दवाखान्यानं फोटो पाठवला आहे. कंपनीला लाज वाटावी म्हणून असेल. काउंटरसमोर रांग. एक म्हातारा खाली फरशीवर बसलेला, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, पिशवीला गाठ. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची फाइल आमच्याकडं अशीच पिशवीत आहे.

धा.चा रिपोर्ट वेळेत गेला. वानखेडे साहेबांनी अंगठा दाखवला.

शनि. १३ सप्टें.

सुट्टी असून कृष्णन सरांचा फोन. थो.चे मॅनेजर ते. चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही.

मीटिंगमध्ये कोण काय बोलला ते मशीन आपोआप लिहून ठेवतं. ते त्यांनी वाचून दाखवलं. पल्लवी: जुनी यादी काढते, चालेल? त्याच्याखाली माझं नाव. माझ्या नावापुढं मशीननं लिहिलं आहे: How?

हाऊ. म्हणजे कसं.

दोनदा वाचून दाखवलं त्यांनी. म्हणाले, तू बरोबर प्रश्न विचारलास, कसं काढणार म्हणून. तिनं उत्तर न देता सरळ काढून टाकली. राइट?

मी खोलीत उभा होतो. खिडकीतून बाबा दिसत होते, जास्वंदीला पाणी घालत होते. आता बोललो तर हाव कुणाला म्हटलं ते सांगावं लागेल. मग धा. निघेल. थो.चा नियम आहे, सही करून दिली आहे मी: दुसरी नोकरी सापडली तर त्याच दिवशी बाहेर, अन् पाच वर्षांचा अनुभवाचा कागदही नाही.

'यस,' म्हटलं.

इंग्रजीत मी सगळ्याइले यसच म्हणतो.

रवि. १४ सप्टें.

पल्लवीचा फोन. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

'दादा, तुम्ही हाव म्हटलं होतं ना?'

मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहितो, शब्द न बदलता. मी म्हटलं, 'मले आठवत नाई पल्लवी. गडबड होती तेव्हा.'

तिच्या मागं कुणीतरी ट्रक मागं घेत होतं, त्याची टिंगटिंग. मग म्हणाली, 'माह्याच ऐकण्यात चूक झाली असन दादा. ट्रकचा आवाज होता. सॉरी, माह्यामुळे तुम्हाले त्रास झाला.'

तिनं मला सॉरी म्हटलं.

मी म्हटलं, 'असू दे, असू दे.' काय मोठेपणा! फोन ठेवल्यावर नळाखाली डोकं धरलं.

मंगळ. १६ सप्टें.

दुसरीत होतो. बाबांनी घरी प्रश्न घातला होता, तुला शाळा आवडते का? मी वहीत लिहिलं: हाव. बाबांनी लाल पेनानं खोडून वर 'होय' लिहिलं. म्हणाले, 'घरी हाव म्हणजो. वहीत नाई. वहीतली हाव येगळी.' मग शब्दार्थ लिहून घेतला. हाव म्हणजे अधाशीपणा, आहे त्यात भागत नाही ती वृत्ती. दहा वेळा लिहायला लावलं होतं.

आज अकराला पांढरा हेडफोन लावताना हे आठवलं. लावलाच तरी.

शुक्र. १९ सप्टें.

स्मिताला सांगितलं. यादी गेली हे तिला माहीत होतं. बाकीचं आज. हाव, हाऊ, यस, आठवत नाई, सगळं.

ती एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. भाजी निवडत होती, ती थांबवली. म्हणाली, 'नाव नाई म्हटलं की माणूस काय करते माहीत आहे तुम्हाले? घरी जात नाई. तिथंच उभा राह्यते. पुन्हा पाहा म्हणते, असनच म्हणते. लोकाइच्या अंगावर ओरडून ओरडून घसा बसते आमचा. अन् तुम्ही त्या पोरीले सांगितलं आठवत नाई?'

म्हटलं, 'मंग काय करू? दोन्ही जातीन.'

'थे मी कायले सांगू? मले तर वाटे मजा चालू आहे.'

त्यानंतर 'मुक्काम कोणाकडे' हे काही आलं नाही. थोरली-धाकटीही नाही. नुसतं 'जेवाले या.'

सोम. २२ सप्टें.

घट बसले. पल्लवीला कामावरून बाजूला केलं आहे. काय झालं ते स्वतः लिहून द्यायला सांगितलं, ३० तारखेआधी.

दुपारी तिचा मेसेज. 'दादा, इंग्रजी एकदा पाहून देता का? चुका राहिल्या तर आणखी वाईट दिसेल.' सोबत कागद.

अर्धं पान. लिहिलं आहे की माझ्या घराबाहेर हायवे आहे, गाड्यांच्या आवाजामुळं मी वरिष्ठांचा प्रश्न चुकून होकार समजले, पूर्ण चूक माझी आहे, वरिष्ठांनी मला नेहमीच नीट शिकवलं. वरिष्ठ म्हणजे मी.

दोन ठिकाणी क्रियापद चुकलं होतं, ते नीट केलं. 'चुकून ऐकलं' याचं स्पेलिंग चुकलं होतं, तेही दुरुस्त केलं. परत पाठवलं. तिनं लिहिलं, 'थँक्यू दादा, तुम्ही आहात म्हणून.'

मले माह्या हाताची किळस आली. इतकी की जेवताना चमच्यानं जेवलो. बाबा म्हणे, 'हाताले काय झालं?'

गुरु. २५ सप्टें.

काही नाही. दोन्ही मीटिंग झाल्या.

शनि. २७ सप्टें.

ठरवलं. मंगळवारी थो.ची एच.आर. बाई माझ्याशी बोलणार आहे, पल्लवीचा निकाल लावण्याआधी. तेव्हा सांगायचं. स्मिताला म्हटलं, सांगतो. ती 'बरं' म्हणाली. भरवसा ठेवून म्हटल्यासारखं वाटलं नाही.

मंगळ. ३० सप्टें.

लिहू की नको.

बाई सभ्य. आधी घरचं विचारलं, आर्वी कुठं आहे विचारलं. मग कागदाकडं बघून सरळ विचारलं, तू कुठल्याही क्षणी तिला हो म्हणाला होतास का?

तोंड उघडलं. जीभ वळेना. मग आलं.

'हाव.'

खरं आलं तोंडातून! एक क्षणभर छाती हलकी झाली. अन् पडद्यावर खाली मशीननं लिहिलं, माझं नाव, पुढं: How?

बाई हसून म्हणाल्या, कसं म्हणजे, फोनवर, चॅटवर, कुठल्याही प्रकारे. मला विचारायचं आहे की तू होकार दिलास का?

आता समजेल अशा भाषेत सांगायचं होतं. एक शब्द, इंग्रजीतली तीन अक्षरं: यस. आयुष्यभर नको तिथं वापरलेला.

'नो,' म्हटलं.

'थँक यू नितीन, दॅट हेल्प्स.' सहा मिनिटांत संपलं.

मुद्दाम केलं का मी? तिला कळणार नाही हे माहीत असून त्या भाषेत खरं बोललो, म्हणजे मागाहून स्वतःला सांगता यावं की बाबा, मी बोललो होतो? थू आहे माझ्यावर.

बुध. १ ऑक्टो.

पल्लवीचा निकाल सोमवारी, ६ ला. कृष्णन सरांनी कळवलं. म्हणाले, वाईट वाटतं, हुशार मुलगी आहे. तिच्या जागी कुणी ओळखीचं असेल तर नाव दे.

गुरु. २ ऑक्टो. दसरा

दुपारी चारला गेटशी मोटरसायकल थांबली. पल्लवी अन् तिचे वडील. मावशी राहते तिची आर्वीत, तिथं सोनं द्यायला आले, म्हणे दादांकडे पण जाऊन येऊ. पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिली. पडद्यावर दिसते त्याहून बुटकी आहे, लहान वाटते.

बाबांच्या पाया पडली, हातात आपट्याची पानं दिली. माझ्याही पाया पडायला वाकली, मी मागं सरलो. स्मितानं पाणी आणलं.

तिचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, 'साहेब, तुमचे लई उपकार आहे. पोरीचंच थोडं ऐकाचं वांधं झालं. नागपूरले नेऊन कान तपासून आणले. डाक्टर म्हणते, काहीच नाई, बारीक आवाज पण येते. मंग मीच भोंगा बंद केला ढाब्यावरचा. ट्रकवाल्याइले पाटी लावली, हॉर्न नका मारू बाबाहो, वरते पोरगी काम करून राह्यली.'

बाबा म्हणाले, 'काय झालं काय पन?'

पल्लवी माझ्याकडं बघत होती. म्हणाली, 'दादा, एक विचारू? कंपनीत नाई सांगत मी कोणाले. त्या दिवशी तुम्ही हाव म्हटलं होतं का नाई, तेवढंच सांगा. नोकरीचं जाऊ द्या. मले फक्त माहे कान बरोबर आहेत का थे पाह्यजे. आजकाल कोणी काही बोललं की मी दोनदा विचारतो. आई हाक मारते तं वाटते, मारली का नाई.'

बाबा, स्मिता, पल्लवीचे वडील. इथं मशीन नव्हतं. खोलीतल्या एकूण एक माणसाला तो शब्द समजत होता.

'हाव,' म्हटलं. 'म्हटलं होतं. पन तुले नाई, दुसऱ्याले. दुसऱ्या नोकरीतल्या साहेबाले.'

मग सगळं सांगितलं. दोन लॅपटॉप टेबलावरच होते, दाखवायची गरज पडली नाही. कान जळत होते. आवाज कोणाचा तरी दुसऱ्याचा येत होता.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग वडिलांकडं वळून म्हणाली, 'बाबा, मी बरोबर ऐकलं होतं.'

त्या माणसाचा चेहरा पहिले फुलला. खरंच खूश झाला, पोरीचे कान चांगले निघाले म्हणून. 'मंग! मी म्हटलंच होतं,' म्हणाला. मग हळूहळू बाकीचं ध्यानात आलं असावं. माझ्याकडं पाहिलं. रुमालानं मान पुसली, उठला.

चहा ठेवला होता स्मितानं. थांबले नाहीत. बाबा गेटपर्यंत सोडायला गेले अन् मोटरसायकल वळेपर्यंत तिथंच उभे होते.

शुक्र. ३ ऑक्टो.

संध्याकाळी बाबा स्वतःच खोलीत आले, दोन्ही हेडफोन हातात घेऊन पाहिले, जागेवर ठेवले.

मीच सुरू केलं. 'बाबा, तुम्ही नाई का जोडवर्ग घेत होते? एकाले लिहाले द्याचं, दुसऱ्याले शिकवाचं.'



'घेत होतो ना. पन दोन्ही वर्गाले मी दिसत होतो.'

मग म्हणाले, 'नऊ महिने मी दार लोटून घेत होतो रे. पोराचं काम चालू आहे म्हणून.' फेब्रुवारीपासून आठच होतात. दुरुस्त नाही केलं.

शनि. ४ ऑक्टो.

थो.च्या एच.आर.ला मेल टाकला. सोमवारी निकालाआधी पंधरा मिनिटं पाहिजेत, कृष्णन सर अन् पल्लवी दोघंही हवेत. उत्तर आलं, हो, सकाळी ११. विषय काय? विषयाला उत्तर दिलं नाही.

वानखेडे साहेबांना कळवलं, सोमवारी अकराला मी नसेन. त्यांनी विचारलं, 'काऊन, तब्येत ठीक नाई का?' म्हटलं, ठीक आहे. त्यांनाही सांगायचं आहे. आधी हे.

पल्लवीला मेसेज केला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

रवि. ५ ऑक्टो.

स्मिता म्हणाली, 'अन् ऐन वेळेवर पुन्हा नो निघालं तं?' टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

गेलो तर दोन्हीकडून जाईन. पुढं कोणी विचारलं, पाच वर्षं कुठं होता, तर दाखवायला कागद नाही. अन् तरी रात्री-दिवसा हे डोळ्यापुढं येत नाही. येतं ते पिशवीची गाठ मारून फरशीवर बसलेला म्हातारा, अन् आईनं हाक मारली का नाही म्हणून थांबून बघणारी पोरगी.

सोम. ६ ऑक्टो.

१०.४५. थो. उघडून बसलो आहे. धा.चा लॅपटॉप बंद करून पांढऱ्या हेडफोनसकट स्मिताच्या हाती दिला, तिनं तो तांदळाच्या डब्यामागं ठेवला.

मंगळवारचं माझं 'नो' लेखी आहे, ते आधी खोडावं लागेल. पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलं, इंग्रजीतच, म्हणजे मशीनलाही चुकायला जागा नको. मी हो म्हणालो होतो. दुसरं वाक्य दुसऱ्या नोकरीचं. ते तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. माझंच अक्षर मला वाचता येत नाही.

१०.५२. बाबा बैठकीतली खुर्ची उचलून घेऊन आले. दाराजवळ ठेवली, बसले. म्हणाले, 'मी बसतो इथं. तुमचं इंग्रजी नाई समजत मले. यस अन् नो समजते.'

म्हटलं, 'बाबा, तुम्ही बाहेर थांबा ना.'

'नाई. दार पन उघडंच राहू दे.'

१०.५७. बाई आल्या. कृष्णन सर आले. गुड मॉर्निंग, दसरा कसा झाला वगैरे.

१०.५९. पल्लवीचं नाव उमटलं. मागं ट्रकचा आवाज नाही, पाटी लावली आहे ना. सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणाली. मग मला, 'गुड मॉर्निंग, नितीन.'

दादा नाही म्हणाली.

माइक चालू आहे की नाही, दोनदा पाहिलं. चालू आहे. बाई म्हणतात, गो अहेड.